बोटीत गाडी, गाडीत आम्ही सहाजण

तोक्योत येऊन आम्हाला आता अठरा वर्षं झाली. आलो होतो ते दोन वर्षांत मास्टर्सची पदवी घेऊन परत जायचं म्हणून. पुढे नोकरी लागली, मुलं झाली, आणि 'परत जायचं' हा विषय आता दर दिवाळीला फराळाबरोबर निघतो आणि फराळाबरोबरच संपतो. तुमच्याही घरी हेच चालत असणार, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते आमच्या होक्काइदोच्या प्रवासाबद्दल. त्यातही प्रवासापेक्षा त्याच्या आखणीबद्दल, कारण आमच्या घरात वादावादी झाली ती आखणीवरून, आणि शहाणपण सुचलं तेही तिच्यातूनच.

त्या वर्षी आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. नातवंडांची शाळा, आमची ऑफिसं, त्यामुळे पहिले दोन महिने तसे घरातच गेले. ऑगस्टच्या अखेरीस मुलांना सुट्टी होती आणि आम्ही दोघांनी रजा काढली. कुठे जायचं? मुलीचं वय बारा, मुलाचं आठ. दोघांनी एकमुखाने सांगितलं, "होक्काइदो! आणि आपली गाडी बोटीत घालून!" विमानाने तोक्योहून साप्पोरो दीड तासाचा रस्ता. पण सहा माणसं, आईचं गुडघेदुखीचं सामान, तांदूळ शिजवायचं भांडं, मेतकुटाची बरणी, आणि तिकडे उतरून पुन्हा भाड्याची गाडी घ्यायचीच. त्यापेक्षा आपली सात जणांची गाडी काय वाईट, असं आम्हालाही वाटलं. खरं सांगायचं तर गाडी बोटीच्या पोटात नेऊन उभी करायची हौस मुलांइतकीच आम्हालाही होती!

नकाशा पसरला

होक्काइदो म्हणजे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. नकाशावर ते कोपऱ्यात आखडून बसल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस फसतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण पाव हिश्शाइतकं, वस्ती मात्र फक्त पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे अंतरं लांब आणि मधली गावं विरळ. आम्ही पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने फुरानो, साप्पोरो, शिरेतोको, कुशिरो, हाकोदाते अशा सगळ्या गावांना पेन्सिलीने जोडलं आणि बेरीज केली, तेव्हा कळलं की आठ दिवसांत आपण गाडीतून खाली उतरणारच नाही.

पण त्याआधी समुद्राचा प्रश्न. होन्शू हे मुख्य बेट आणि होक्काइदो यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम वीस किलोमीटर. गाडीसकट पलीकडे जायला तोक्योकरांना मुख्यतः तीन वाटा. पहिली, तोक्योच्या ईशान्येला इबाराकीमधल्या ओआराई बंदरातून थेट तोमाकोमाई. ही बोट संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते, सुमारे अठरा तास. दुसरी, पश्चिम किनाऱ्यावरच्या नीगाताहून ओतारू. तिसरी, तोहोकू एक्सप्रेसवेने सुमारे ६८० किलोमीटर गाडी हाकत आओमोरी गाठायचं आणि तिथून तीन तास चाळीस मिनिटांच्या बोटीने हाकोदाते. आओमोरीच्याही पुढे ओमा नावाचं टोकाचं गाव आहे, तिथून दीड तासात पलीकडे जाता येतं, पण त्या गावापर्यंत पोचण्यातच अर्धा दिवस जातो.

"पण समुद्राखाली बोगदा आहे ना? शाळेत शिकवलाय आम्हाला," आमची कन्या म्हणाली. आहे ना! सेइकान बोगदा. ५३.८५ किलोमीटर लांब, त्यातले २३.३ किलोमीटर समुद्राखाली, आणि तिथे समुद्रतळाच्याही शंभर मीटर खाली. १३ मार्च १९८८ रोजी तो सुरू झाला आणि २०१६ पासून त्यातून शिनकान्सेनही धावते. पण तो फक्त रेल्वेचा. इंग्लंड-फ्रान्समधल्या बोगद्यात जशी मोटार आगगाडीवर चढवून नेतात, तशी सोय इथे नाही. मोटारीला आजही समुद्रावरूनच जावं लागतं.

आम्ही ठरवलं, जाताना ओआराईहून मोठी बोट आणि येताना हाकोदाते-आओमोरी. म्हणजे जाताना रात्रभर झोपून ताजेतवाने उतरू आणि येताना तोहोकूही बघून होईल.

बाबांची लाल शाई

आम्ही पडलो इंजिनिअर. दोन रात्री बसून संगणकावर तक्ता केला. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. निघायची वेळ, पोचायची वेळ, जेवण, पेट्रोल, मुलांची शू. बोटींच्या वेळा निळ्या रंगात, हॉटेलं हिरव्या. आई-बाबांचं परतीचं विमान नारिताहून शनिवारी सकाळी होतं, व्हिसाही त्याच सुमारास संपत होता. आमच्या तक्त्यानुसार गुरुवारी सकाळी हाकोदातेहून बोट, संध्याकाळी मोरिओका, आणि शुक्रवारी रात्री आठ वाजता घर. शनिवारी विमान. एक मिनिट वाया नाही.

तक्ता छापून कौतुकाने बाबांसमोर ठेवला. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या आणि गाड्यांची वाट पाहिली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन मागून घेतलं, पानं उलटली आणि विचारलं, "स्पेअर कुठे आहे?"

"कसला स्पेअर? स्टेपनी आहे की गाडीत."

"स्टेपनी नाही रे. दिवस. डेपोत एक गाडी नुसती उभी असते. नव्या साहेबाला वाटतं, ही उगाच उभी आहे, हिलाही रूटवर लावा. लावली की त्याच आठवड्यात घाटात एक गाडी बंद पडते, आणि मग पन्नास माणसं रस्त्यावर. उभी गाडी रिकामी नसते, ती कामावरच असते."

आम्ही समजावलं की हे जपान आहे, इथे सगळं वेळेवर चालतं. बाबा म्हणाले, "माणसं वेळेवर चालत असतील. समुद्रही चालतो का?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हतं, पण हिशेब होता. दोन दिवस मोकळे ठेवायचे म्हणजे सहा माणसांच्या हॉटेलचा खर्च, दोन दिवसांची रजा, आणि मुख्य म्हणजे पूर्वेचा भाग, शिरेतोको आणि कुशिरो, यादीतून जाणार. शिरेतोको २००५ पासून जागतिक वारसा आहे, तिथे समुद्रातून कडे आणि अस्वलं बघायची बोट असते, मुलांनी त्यावरच डोळा ठेवला होता. दोन दिवस घरात अबोला होता. बाबांनी आणखी एक अट घातली, की नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय निघायचं नाही. आम्हाला हसू आलं. नारळी पौर्णिमा कोकणच्या समुद्राची, तिचा प्रशांत महासागराशी काय संबंध?

त्या रात्री आईने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "हसू नका. त्यांच्या घरातला एक माणूस रामदास बोटीवर गेलाय."

आमचं मूळ गाव अलिबाग तालुक्यात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसात वाटेतच उलटली आणि सहाशेवर माणसं गेली, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतं. रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून माणसं ओढून काढली, असं आजही सांगतात. त्या बोटीवर बाबांचे सख्खे काका होते. बाबा तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यांच्या आजीने पुढे घरातल्या कोणाला पावसात बोटीत पाय ठेवू दिला नाही. मुंबईला जायचं तर रस्त्याने, दिवस मोडला तरी चालेल. इतकी वर्षं एकाच घरात राहून हे आम्हाला माहीत नव्हतं. बाबा कधी बोललेच नाहीत.

आम्ही निमूटपणे शिरेतोको खोडलं. हाकोदाते दोन दिवस आधी आणलं आणि हाकोदाते ते विमान यामध्ये दोन रकाने पिवळे करून त्यांत लिहिलं, 'स्पेअर'.

कागदपत्रं आणि डबे

आता थोडं कामाचं. तुमच्यापैकी कोणी इकडे येऊन गाडी चालवणार असेल तर पहिली गोष्ट लायसन्सची. भारतातलं किंवा अमेरिकेतलं आंतरराष्ट्रीय परमिट इथे चालतं, फक्त ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचं असायला हवं आणि जपानमध्ये उतरल्यापासून फार तर एक वर्ष. कायम राहणाऱ्यांना मात्र जपानी लायसन्स काढावंच लागतं. आम्हाला वाटलं होतं, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची आहे, आपण तर पुण्यात चालवलेली माणसं! परीक्षेत दोनदा नापास झालो. एकदा वळताना खांद्यावरून मागे पाहिलं नाही म्हणून, आणि एकदा थांबायच्या रेषेवर चाक पूर्ण थांबलं नाही म्हणून. इथे रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याच्यापाशी गाडी पूर्ण थांबवावी लागते. पुण्यात असं थांबलो असतो तर मागच्याने काय ऐकवलं असतं ते लिहिण्यासारखं नाही.

बोटीचं बुकिंग साधारण दोन महिने आधी उघडतं आणि ऑगस्टमधल्या ओबोनच्या गर्दीत हां हां म्हणता भरतं. गाडीचं भाडं तिच्या लांबीवर असतं आणि त्यातच चालकाचं साधं तिकीट धरलेलं असतं, बाकीच्यांचं वेगळं. बंदरावर बहुधा चालक एकटाच गाडी आत नेतो, इतर मंडळी पायी जिन्याने चढतात. एकदा बोट निघाली की गाड्यांच्या मजल्यावर कोणालाही जाऊ देत नाहीत, म्हणून रात्रीचे कपडे, औषधं, खाणं वेगळ्या पिशवीत हवं. गाडीचा चोरघंटा बंद करायचा, नाहीतर बोट हलली की तो रात्रभर ओरडतो आणि बॅटरी संपवतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला जपानमध्ये प्रवास कठीण, कारण वरून निरागस दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आईने दशम्या, भडंग, लाडू आणि आलेपाक केला. होक्काइदोत मात्र बटाटा, मका, दूध, लोणी आणि खरबूज यांची चंगळ. भाजलेलं मक्याचं कणीस खाताना आईला माळशेज घाट आठवला!

आणखी एक उपयोगाची गोष्ट म्हणजे 'मिचि-नो-एकि', शब्दशः 'रस्त्यावरचं स्टेशन'. १९९३ मध्ये ही योजना सुरू झाली, आज देशभर बाराशेवर ठिकाणं आहेत. चोवीस तास स्वच्छ संडास, फुकट पार्किंग, आणि गावातल्या शेतकऱ्यांची भाजी-फळं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आधी ही ठिकाणं नकाशावर टिपा आणि मग हॉटेलं.

बोटीतली रात्र

नारळी पौर्णिमा होऊन गेली. निघायच्या दिवशी आईने घरातल्या घरात एक नारळ बोटीसाठी आणि एक गाडीसाठी वाढवला, कारण अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नारळ फोडला तर शेजारी पोलिसांना फोन करतील ही भीती.

ओआराईला बोट बघून मुलं गप्पच झाली. इमारतच ती! तोंड उघडून उभी, आणि तिच्या पोटात भाजीचे, दुधाचे ट्रक ओळीने शिरत होते. आमची गाडी चार खुणांमध्ये लावून घेतली, हँडब्रेक ओढायला सांगितला, चाकांना आडणी लावली. वर खोल्या, उपाहारगृह, आणि चक्क मोठं सार्वजनिक स्नानगृह. समुद्राकडे बघत गरम पाण्यात बसायचं. आईने "अगं बाई, सगळ्यांसमोर?" म्हणून कानावर हात ठेवले, आणि शेवटी सुनेबरोबर जाऊन आली ती तासाभराने, अगदी खूश होऊन.

रात्री अकराला बघतो तर बाबा खोलीत नाहीत. समोरच्या बैठकीत काचेला नाक लावून बसले होते. बाहेर मिट्ट काळोख. आम्ही शेजारी जाऊन बसलो.

"झोप येत नाही का?"

"येईल. बघत होतो, किती हलते ते."

"भीती वाटते?"

"भीती नाही. इतकी वर्षं आजीचं ऐकलं. आता म्हटलं, एकदा बघून तरी घ्यावं."

बोट फारशी हलली नाही. सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी आंघोळ करून डेकवर होते आणि नातवाला, गाड्या कोणत्या क्रमाने बाहेर काढतील, हे समजावत होते.

होक्काइदोतल्या पुढच्या दिवसांचं वर्णन थोडक्यात उरकतो, कारण फोटो तुम्ही दाखवायला लागाल तेवढे दाखवू. फुरानोचा लव्हेंडर जुलैतच संपलेला असतो, तरी बिएईच्या टेकड्यांवरची शेतं बघून डोळे निवले. साप्पोरो झालं. मग तोया सरोवर, गोल, निळं, मध्ये बेटं. शेजारी शोवा-शिनझान हा डोंगर, जो १९४३ ते १९४५ मध्ये एका गव्हाच्या शेतातून वर आला. बाबांनी 'तोया' हे नाव वहीत लिहून घेतलं. का ते तेव्हा कळलं नाही. ते आमच्या मुलीच्या जपानी पुस्तकातून तिच्याकडून वाचून घेत होते, हे नंतर समजलं.

हाकोदातेला अडकलो

हाकोदातेला पोचलो त्या दिवशी दक्षिणेकडचं एक वादळ कमजोर होत जपानच्या समुद्रातून वर सरकत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची आमची बोट. पहाटे फोनवर निरोप आला, फेरी रद्द. दुपारच्या फेऱ्यांबद्दल नंतर कळवू.

खिडकीतून बघितलं तर पाऊस नाही, ढगांतून ऊनही डोकावत होतं. आम्ही वैतागलो. एवढ्यात दुपारचीही रद्द झाली. रात्री उशिराची फेरी 'सशर्त', म्हणजे सुटेल, पण समुद्र वाईट असला तर अर्ध्यातून परतेल, अशी. आमच्या डोक्यात लगेच पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने फिरू लागले. रात्रीची धरली तर पहाटे आओमोरी, तिथून दोघांनी आळीपाळीने गाडी हाकली तर दुपारपर्यंत तोक्यो. काहीच वाया जाणार नाही!

बाबांनी तक्ता पुढे ओढला आणि पिवळ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा कशासाठी ठेवलाय?"

मग काय, नाश्ता करून निघालो. बंदरावर माश्यू-मारू नावाची जुनी बोट संग्रहालय म्हणून उभी आहे. आओमोरी-हाकोदाते ही पूर्वी रेल्वेची बोटसेवा होती. आगगाडीचे डबे रुळांवरूनच बोटीच्या पोटात ढकलत आणि पलीकडे रुळांवर काढत. तिथे आम्हाला तोया-मारूची हकीकत सविस्तर कळली. म्हणजे आम्हाला कळली, बाबांनी ती आधीच नातीकडून ऐकली होती.

२६ सप्टेंबर १९५४. पंधरा नंबरचं वादळ येणार म्हणून तोया-मारू दुपारी सुटलीच नाही, थांबली. संध्याकाळी पाचच्या सुमारास हाकोदातेत वारा पडला, आकाश उघडलं. कप्तान अनुभवी होता. त्याचा समज झाला की वादळाचा डोळा डोक्यावरून गेला, आता वाईट ते संपलं. संध्याकाळी ६ वाजून ३९ मिनिटांनी बोट निघाली. पण तो डोळा नव्हताच. वादळ पश्चिमेच्या समुद्रात रेंगाळलं होतं. बंदराबाहेर पडते न पडते तोच वारा पुन्हा उसळला. बोटीने नांगर टाकला, पण मागच्या बाजूला, डबे आत घ्यायची जागा उघडी होती. लाटा तिथून आत शिरल्या, पाणी बॉयलर आणि इंजिनपर्यंत गेलं, यंत्रं बंद पडली. रात्री किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बोट उलटली. साडेअकराशेवर माणसं गेली. त्याच रात्री तिथल्या आणखी चार बोटी बुडाल्या आणि एकूण आकडा चौदाशेच्या पुढे गेला. नंतरच्या बोटींना मागे पाणी अडवणारं दार आलं. समुद्राखालच्या बोगद्याचा विचार आधीपासून होता, पण त्याला खरी गती आली ती या अपघाताने. तो खोदतानाही ३४ कामगारांचे जीव गेले.

आम्ही डेकवर येऊन समुद्राकडे बघितलं. ऊन पडलं होतं. सकाळी आम्ही हेच ऊन बघून वैतागलो होतो.

दुपारी गाडी काढून शेजारच्या होकुतोमध्ये नानाएहामा किनाऱ्यावर गेलो. तिथे तोया-मारूच्या मृतांचं स्मारक आहे. वारा इतका की छत्री उलटी झाली. बाबांनी चप्पल काढून नमस्कार केला. आईने पिशवीतला एक लाडू काढून दगडापाशी ठेवला. परत गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "आपल्याकडे रेवसला असं काही नीट नाही बघ, जिथे जाऊन हात जोडावेत." एवढंच. नंतर ते घाटातल्या गाड्यांबद्दल बोलू लागले.

आणि हे सगळं जुन्या काळचं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. आम्ही यादीतून खोडलेल्या त्याच शिरेतोकोला २३ एप्रिल २०२२ रोजी 'काझू १' ही पर्यटकांची छोटी बोट, हवा बिघडणार असा अंदाज असताना निघाली आणि बुडाली. बोटीवर २६ जण होते, एकही वाचला नाही.

हिशेब

त्या रात्री हॉटेलात मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी जुना तक्ता उघडला, पिवळे रकाने नसलेला. फेरी रद्द झाली असती तर आम्ही काय केलं असतं? उत्तर लाजिरवाणं होतं. 'सशर्त' बोट पकडली असती, पहाटे आओमोरीला उतरलो असतो, आणि न झोपलेल्या डोळ्यांनी सातशे किलोमीटर गाडी पळवली असती. मागे आई, बाबा आणि दोन मुलं.

तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. समुद्रावर आपल्याला अडवायला कोणीतरी असतं. हल्लीच्या बोटकंपन्या वारा बघतात, लाटा बघतात आणि फेरी सरळ रद्द करतात. आपण चिडतो, पण आपण जिवंत राहतो. उतरल्यावरच्या रस्त्यावर मात्र आपल्याला अडवणारं कोणी नसतं. तिथे कप्तानही आपण, वेधशाळाही आपण, आणि घाईसुद्धा आपलीच. म्हणजे आमच्या प्रवासात धोक्याची जागा समुद्र नव्हती. समुद्रात गेलेले तास रस्त्यावर भरून काढायची आमची खोड, ती खरी धोक्याची जागा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' शिकवतात. दहा टनांचं वजन येणार असेल तर वीस टन पेलेल असा दोर घ्या. पूल बांधताना आम्ही हे कधी विसरत नाही. स्वतःच्या घरची सहल आखताना मात्र दोर बरोबर दहा टनांचा घेतला होता, आणि त्यालाच आम्ही चोख नियोजन म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट वेळेवर सुटली. पाणी अजून थोडं उसळत होतं, आलेपाक कामी आला. त्सुगारूच्या मध्यावर आल्यावर मुलीने सांगितलं, इथेच कुठेतरी खालून शिनकान्सेन जातेय. मुलगा कठड्याला धरून गंभीरपणे खाली बघत राहिला. आओमोरीहून निघून मुक्काम मोरिओकाला. तिथून तोक्यो सव्वापाचशे किलोमीटर, दर दोन तासांनी थांबत, चहा घेत, आळीपाळीने चालवत. साध्या गाडीला या रस्त्याचा टोल पेट्रोलपेक्षा जास्त पडतो, तेवढं खिशाला कळलं. रात्री नऊला घरी.

दुसरा पिवळा रकाना तसाच उरला. विमानाच्या आदला तो अख्खा दिवस. आम्हाला वाटलं होतं, तो वाया गेल्याची चुटपुट लागेल. त्या दिवशी आई-बाबा उशिरापर्यंत झोपले. आईने पुरणपोळ्या केल्या. बाबांनी नातवाला बरोबर घेऊन जमिनीवर कागद पसरला आणि अलिबाग डेपोचा नकाशा काढून दाखवला, कोणती गाडी कुठे लागायची, आणि कोपऱ्यात एक चौकोन, ज्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

तुमच्यापैकी कोणी होक्काइदोला किंवा आणखी कुठे बोटीने गाडी नेणार असाल तर जरूर कळवा. आमचा तक्ता पाठवून देऊ. हॉटेलं बदला, गावं बदला, जेवणाच्या वेळा तर बदलाच, मराठी माणसाला त्या कधी पाळता आल्यात? फक्त ते दोन पिवळे रकाने पुसू नका. जागा कमी पडली तर एखादं गाव खोडा. आमचं शिरेतोको अजून राहिलंय, पुढच्या वेळी जाऊ.